टेकडाउन लाँगबो : लॅमिनेट पट्ट्यांच्या जाडीची निवड

मूठ आणि दोन पाती (मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग) सुटी करून ठेवता येतात अशा लांब धनुष्यास टेकडाउन लाँगबो म्हणतात. लाकडाच्या किंवा बांबूच्या पातळ पट्ट्यांचा गाभा आणि त्याच्या पुढच्या व मागच्या अंगाला फायबरग्लासचा एकेक थर इपॉक्सीने चिकटवून त्याचे पाते घडवतात. या सर्व थरांची मुठीलगतची एकूण जाडी किती असावी, हा घरी धनुष्य करणाऱ्यापुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण धनुष्य किती पौंडांचे होणार, म्हणजे त्याची ओढ (दोरी ताणायला लागणारे बळ) किती असणार, हे मुख्यतः तिच्यावर अवलंबून असते आणि पाते एकदा चिकटल्यावर ती वाढवता येत नाही.

पात्याचा ताठपणा रुंदीच्या सम प्रमाणात, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी १० टक्क्यांनी वाढवली तर ओढ तेवढ्याच टक्क्यांनी वाढते. सर्व थर १० टक्क्यांनी जाड केले तर मात्र ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. १० मिमी जाडीच्या पात्यात ०.१ मिमीचा फरकही ओढीत सुमारे ३ टक्क्यांचा फरक पाडतो. सुतारकामातील सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे माप येथे फारच ढोबळ ठरते. सोलापुरात घरी धनुष्य करू पाहणाऱ्याने चांगल्या रंध्याआधी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी नेमकी मोजणारे साधन, मिळवावा.

अखंड लाँगबोसाठी दिलेली जाडीची कोष्टके टेकडाउनला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. टेकडाउनची ताठ मूठ बहुधा लांब असल्याने एकूण लांबी तीच असूनही वाकणारे पाते आखूड होते, आणि आखूड पाते त्याच जाडीला बरेच अधिक ताठ असते. म्हणूनच पात्यांची पहिली जोडी करून तिची ओढ दोरी २८ इंचांपर्यंत ताणून मोजावी आणि पुढील जोडीची जाडी त्या मापावरून काढावी, हीच पद्धत सर्वांत भरवशाची आहे. मूठ कायम ठेवून केवळ पाती बदलता येणे हा या रचनेचा खरा लाभ आहे. समजा, १० मिमी जाडीला ४६ पौंड ओढ मिळाली आणि ४० पौंड हवी आहे. तर ४० भागिले ४६ याचे घनमूळ काढून त्याने १० मिमीला गुणल्यास सुमारे ९.५५ मिमी जाडी येते. फायबरग्लास तेवढाच ठेवून फक्त गाभा पातळ केला, तर ओढ अपेक्षेपेक्षा एखाद्या पौंडाने अधिक राहते.

गाभ्याच्या लाकडावर पुष्कळ चर्चा होते, पण एकजिनसी पात्यात मधल्या एक-तृतीयांश जाडीचा ताठपणातील वाटा केवळ सत्ताविसावा भाग असतो, आणि बाहेरून फायबरग्लास आल्यावर तो आणखी घटतो. धामणीचे लाकूड धनुष्यासाठी पूर्वापार नावाजलेले आहे. बुरुडाकडून आणलेला पक्का, वाळलेला बांबूही पुरतो. पट्टीची जाडी सर्वत्र नेमकी असणे आणि दोन्ही पात्यांच्या पट्ट्या एकाच फळीतून निघणे अधिक मोलाचे आहे. एखादी पट्टी टोकाकडे निमुळती ठेवतात. दर इंचाला इंचाचे दोन हजारांश, म्हणजे मीटरला २ मिमी, हा उतार प्रचलित आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि कालवलेले इपॉक्सी लवकर घट्ट होऊ लागते, त्यामुळे चिकटवण्याचे काम पहाटे उरकावे. पट्ट्यांमधला जादा इपॉक्सी बाहेर येण्याआधीच तो घट्ट झाला, तर सांध्यात जाड थर राहून मोजलेली जाडी बिघडते. पावसाळ्यात दमट झालेल्या पट्ट्या फुगतात, म्हणून त्या वाळवूनच मोजाव्यात.

नेमक्या जाडीचा अंदाज येत नसेल, तर दोन-तीन पौंड वरच्या बाजूला राहावे. पात्याच्या कडा घासून रुंदी कमी केली की ओढ उतरवता येते; पृष्ठभागावरचा फायबरग्लास मात्र घासू नये, कारण सर्वाधिक ताण तोच सोसतो. कडा घासताना फायबरग्लासची धूळ उडते, ती श्वासात जाऊ नये म्हणून चांगला मास्क वापरावा.