पडवी दिली आणि घर गेलं : एका जपानी म्हणीची पार्श्वभूमी

'हिसाशी ओ काशिते ओमोया ओ तोरारेरु' अशी जपानीत म्हण आहे, म्हणजे पडवी वापरायला दिली आणि अख्खं घर हातचं गेलं. आपली 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' लगेच आठवतेच. जपानी माणूस ही म्हण दोन ठिकाणी वापरतो, थोडं दिलं आणि सगळं गेलं तिथे, आणि उपकाराची फेड अपकाराने झाली तिथे.

आजच्या जपानीत हिसाशी म्हणजे खिडकी-दारावरचा छोटा छज्जा, त्याच्याखाली फारतर पावसात दोन मिनिटं थांबता येईल, त्यामुळे तिथून घर कसं बळकावणार असं वाटतं. पण हेइआन काळातल्या (साधारण आठवं ते बारावं शतक) उमरावांच्या वाड्यांत मधल्या गाभ्याला मोया म्हणायचे आणि त्याच्या चारी बाजूंनी, उतरत्या छपराखाली जो पट्टा असायचा तो हिसाशी. तिथे पडदे लावून माणसं चक्क राहायची.

या म्हणीला शोभणारा किस्सा ओदावाराच्या किल्ल्याचा. होजो सोउन नावाचा सरदार, त्याने आधी ओदावाराचा किल्लेदार ओमोरी फुजियोरी याच्याशी भेटी-बिटी पाठवून दोस्ती केली आणि मग निरोप धाडला की आमची हरणं तुमच्या डोंगरात पळालीत, हाकारे आत सोडू का. फुजियोरी हो म्हणाला. हाकारे म्हणून आले ते सैनिक, रात्री बैलांच्या शिंगांना मशाली बांधून त्यांनी किल्ला घेतला. साल 1495 सांगतात, पण इतिहासकारांना सालावर पण शंका आहे आणि बैलांवर पण (मला बैल आवडतात, ते असू देत). किल्ला मात्र होजोंकडे राहिला तो थेट 1590 पर्यंत, जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने घेईपर्यंत.

ही म्हण देणाऱ्याच्या बाजूने बोलते, हे लक्षात घ्यायला हवं. घेणाऱ्याला विचारलं तर गोष्ट उलटी निघते. रशिया-जपान युद्धानंतर शहरात जमिनीचे भाव चढले तेव्हा मालक लोक भाडं वाढवायला जमीन नावापुरती दुसऱ्याला विकायचे, नवा मालक म्हणायचा मी तुला ओळखत नाही, आणि भाडेकरूला त्या भाड्याच्या जमिनीवर स्वतः बांधलेलं घर पाडावं लागायचं. लोक याला 'भूकंप-विक्री' म्हणायचे, घरं पडायची ना. ते थांबवायला 1909 मध्ये कायदा आला, 1921 मध्ये भाड्याच्या जमिनीचा आणि भाड्याच्या घराचा असे दोन कायदे आले, आणि 1941 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, दुरुस्ती झाली की सबळ कारण असल्याशिवाय मालकाने करार वाढवायला नकार द्यायचा नाही.

इथून पुढे मात्र मालकांचं रडगाणं पण खरं, एकदा दिलं की परत मिळत नाही अशी गत झाली, मुंबईत पागडीच्या चाळी बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शेवटी जपानने 1999 मध्ये दुरुस्ती करून मुदत संपली की घर रिकामं करायचं असा भाडेकरार आणला, तो मार्च 2000 पासून लागू झाला, आणि गंमत म्हणजे आपला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पण 1999 चाच आणि लागू झाला तो पण मार्च 2000 मध्येच. जमिनीचे 1992 च्या आधीचे जुने करार मात्र जपानमध्ये अजून जुन्याच नियमांनी वाढतात, 1992 मध्ये लागू झालेल्या नव्या भाडे कायद्याने त्यांना हात लावलेला नाही.