पांढरं पडलेलं प्रवाळ सावरताना

समुद्री मत्स्यालयाच्या टाकीतलं हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांचं दगडी प्रवाळ) आठवड्याभरात पांढरंफटक पडलं की ते मेलंच असं धरून काढून टाकू नका. दिवा बंद करून टॉर्चच्या उजेडात जवळून पाहा. सांगाड्यावर पारदर्शक पापुद्रा दिसत असेल आणि संस्पर्शक (अन्न पकडणारे मऊ, बोटांसारखे अवयव) थोडे तरी बाहेर येत असतील, तर ते जिवंत आहे. मांस सुटून चुनखडी उघडी पडली असेल, त्यावर हिरवट शेवाळ धरलं असेल, तर तेवढा भाग गेला.

पांढरं पडण्याचं कारण प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालात असतं. ही शैवालं प्रकाशातून अन्न तयार करतात आणि प्रवाळाची बरीचशी भूक त्यावरच भागते. पाणी २९-३० अंशांवर गेलं किंवा नवा एलईडी पूर्ण जोरात लावला, की शैवालांत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि प्रवाळ शैवालांनाच बाहेर टाकतं. म्हणून ‘आजारी आहे, जास्त उजेड देऊ’ हा विचार उलटा पडतो. दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणा. पार मीटर (शैवालांच्या कामी येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) असेल तर त्यावर ५० ते ८० पुरे. दिवा रोज आठ तास.

मग पाणी तपासा. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४२० भाग) आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवा. साध्या पाण्याने जुळवलेला बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो. बिघडलेला आकडा एका रात्रीत सरळ करायला जाऊ नका. अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त हलली, तर उरलंसुरलं मांसही सुटू शकतं.

नायट्रेट आणि फॉस्फेट (शैवालांना पोसणारी, पाण्यात विरघळलेली द्रव्यं) दोन्ही शून्य दाखवत असतील तर खूश होऊ नका. अतिस्वच्छ पाण्यात शैवालांची उपासमार होते आणि प्रवाळ फिकटच राहतं. फिल्टरमधला फॉस्फेट शोषणारा माल काढा, माशांना थोडं जास्त खायला घाला. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठीक.

पेशींतली शैवालंच गेली म्हटल्यावर अन्न बाहेरून द्यायला हवं. आठवड्यातून दोनदा, पंप बंद करून, बारीक केलेली मायसिस (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) पिपेटने हळूच संस्पर्शकांवर सोडा. अर्ध्या तासात न खाल्लेलं शोषून घ्या, नाहीतर ते तिथेच कुजतं.

प्रवाळावर तपकिरी बुळबुळीत जेली (एक संसर्ग) दिसली तर मात्र थांबू नका. ती एका रात्रीत फांदी खाते. पंप बंद करून जेली नळीने ओढून घ्या, फांदी जिवंत मांसाच्या खाली सांगाड्यातून कापा आणि टाकीचंच पाणी घेतलेल्या वेगळ्या भांड्यात, बाटलीवरच्या प्रमाणात, आयोडीनमध्ये बुडवा. ते पाणी परत टाकीत ओतायचं नाही.

हे सगळं परदेशातल्या वाचकांसाठी. भारतात दगडी प्रवाळं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती विकत घेणं वा पाळणं गुन्हा आहे.

रंग परततो तो आधी तपकिरी छटेने, आणि त्याला काही आठवडे ते महिने लागतात. ती छटा दिसल्यावरच प्रकाश दर आठवड्याला दहा टक्क्यांनी वाढवा. दिवसा संस्पर्शक आक्रसून राहू लागले, तर लगेच एक पायरी मागे या.