मझल ब्रेक : वाचलेला खांदा आणि शेजारचे कान

रायफल रेंजवर शेजारच्या बेंचवर मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर बसवलेली भोकांची नळकांडी, लावलेली मॅग्नम (जादा दारूच्या जोरदार काडतुसाची रायफल) आली, की जुनेजाणते नेमबाज इअरमफच्या आत इअरप्लगही घालतात. ब्रेकवाला समजूतदार असेल तर आपणहून कडेचा बेंच मागून घेतो. हा रिवाज का पडला, ते कळायला तोफखान्यापासून सुरुवात करावी लागते.

तोफेच्या नळीला तोंडाजवळ तिरकी भोकं पाडून धक्का कमी करण्याची कल्पना फ्रेंच अधिकारी त्रय द बोल्यो यांनी 1842च्या सुमारास मांडली. गोळ्यामागोमाग जळालेल्या दारूचा वायू त्याच्याहूनही जोरात बाहेर पडतो. मॅग्नम रायफलीत तर एकूण धक्क्यातला साधारण एक तृतीयांश वाटा या वायूचाच असतो. ब्रेकच्या झरोक्यांतून तो आडवा किंवा थोडा मागे वळवला, की नळी पुढे ओढली जाते आणि खांद्यावरचा मार चांगला ब्रेक असल्यास जवळपास निम्म्यावर येतो. पण वळवलेला वायू कुठेतरी जाणारच, आणि तो जातो ती दिशा शेजाऱ्याची.

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाडाविरोधी रायफलींना, म्हणजे ब्रिटिशांची बॉईज किंवा सोव्हिएत सैन्याच्या 14.5 मिलिमीटरच्या रायफली, ब्रेकशिवाय खांद्याला लावणं अवघडच होतं. रणांगणावर आवाजाची तक्रार कोण कुणाकडे करणार? नागरी रेंजवर हा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो मॅग्नम काडतुसं लोकप्रिय झाल्यावर, आणि 1982मध्ये .50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या गोळीची, बॅरेट रायफल बाजारात आल्यावर तो आणखी तीव्र झाला. एका छपराखाली, हाताच्या अंतरावर दहा-पंधरा माणसं, मध्ये लाकडी आडोसे. वायूचा झोत त्यांवर आपटून परततो. तो नुसता ऐकू येत नाही, छातीवर आणि चेहऱ्यावर जाणवतो. शेजारी निशाणा धरून ट्रिगर दाबत असेल तर तो दचकतो आणि त्याची गोळी वाया जाते.

कानांचा हिशोब त्याहून गंभीर आहे. क्षणिक आवाजासाठी 140 डेसिबल ही धोक्याची मर्यादा मानली जाते. साधी शिकारी रायफलही 160च्या आसपास जाते आणि ब्रेक त्यात 5 ते 10 डेसिबलची भर घालतो. 10 डेसिबल म्हणजे दसपट ऊर्जा. प्लग आणि मफ दोन्ही घातले तरी दोघांच्या क्षमतेची बेरीज होत नाही. जे अधिक चांगलं, त्यावर फार तर 5 डेसिबलचा फायदा. म्हणून ‘कानात काहीतरी घाल की’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. गोळी झाडण्याआधी शेजाऱ्याला सांगणं, त्याची फेरी संपेपर्यंत थांबणं, हे ब्रेक लावणाऱ्याचंच काम आहे. आफ्रिकेत शिकाऱ्याच्या शेजारी उभे राहणारे अनेक व्यावसायिक मार्गदर्शक याच कारणाने ब्रेक काढायला लावतात. कानांवर काही न घालता वावरणाऱ्या वाटाड्यांनी तो मार का सोसावा?

बंदुका बनवणाऱ्या ब्राउनिंग कंपनीने 1990च्या दशकात काढलेल्या बॉस प्रणालीत, म्हणजे अचूकता साधायला नळीच्या तोंडावर बसवायच्या जोडणीत, ब्रेकची भोकं होती. पुढे तिचीच बिनभोकांची आवृत्तीही आली, तिच्यात आवाजाची भर नव्हती. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत रायफलला ब्रेक चालतच नाही. अचूक नेमबाजीच्या ज्या स्पर्धांत एका वेळी एकच जण गोळ्या झाडतो, तिथे मात्र तो सर्रास दिसतो.

दुसरा उपाय जुनाच होता. हायरम पर्सी मॅक्सिमने 1909मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. मशीनगन बनवणारे त्याचे वडील गोळीबाराच्या आवाजाने जवळजवळ बहिरे झाले होते. अमेरिकेने 1934मध्ये त्यावर 200 डॉलरचा कर बसवला, तो 2026च्या सुरुवातीला शून्य झाला; नोंदणी मात्र कायम आहे. फिनलंड आणि नॉर्वेत सायलेन्सर केव्हापासूनच शिकाऱ्याच्या नेहमीच्या सामानात आहे. तोही धक्का कमी करतो, ब्रेकइतका नसला तरी. शिवाय ज्या आट्यांवर ब्रेक बसतो, बहुतेक वेळा त्याच आट्यांवर तोही बसवता येतो.