गहाण पडलेल्या चादरी

‘बायसिकल थीव्ज’ या इटालियन चित्रपटात (१९४८) सायकल चोरीला जाण्याआधी घरातल्या चादरी जातात. अंतोनिओला पोस्टरं चिकटवण्याचं काम मिळालंय, पण सायकल गहाण आहे. ती सोडवायला त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते आणि सरळ गहाणखात्यात नेते. खिडकीपलीकडचा माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. एक कप्पा, दुसरा, तिसरा... मांडणी पार छताला भिडलेली, आणि प्रत्येक खणात कुणाच्या ना कुणाच्या घरच्या चादरी. कुणीही काही बोलत नाही. युद्धानंतरचं रोम काय होतं, ते एवढ्यात कळतं.

सामान्य माणसांचं जगणं असं जसंच्या तसं दाखवणाऱ्या इटालियन चित्रपटांच्या प्रवाहाला ‘नववास्तववाद’ हे नाव पडलं. त्यामागचा इतिहास फॅसिस्ट राजवटीपासून सुरू होतो. मुसोलिनीने १९३७ मध्ये रोममध्ये चिनेचित्ता हा भव्य स्टुडिओ उभारला. त्या काळच्या बऱ्याच इटालियन चित्रपटांत श्रीमंतांचे दिवाणखाने आणि पांढरे टेलिफोन असत. ‘पांढऱ्या टेलिफोनचे चित्रपट’ हेच त्यांचं नाव झालं. १९४३ मध्ये दिग्दर्शक व्हिस्काँतीने ‘ओसेस्सिओने’ या चित्रपटात घामेजलेली, धुळीतली माणसं दाखवली, तेव्हा सत्ताधाऱ्यांना ती सोसली नाहीत.

जून १९४४ मध्ये रोम मुक्त झालं. चिनेचित्तात निर्वासितांची छावणी होती. उत्तर इटलीत जर्मन सैन्य अजून ठाण मांडून होतं, तेव्हाच, १९४५ च्या सुरुवातीला, दिग्दर्शक रोस्सेलिनीने ‘रोम, ओपन सिटी’ या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू केलं. ज्या रस्त्यांवर धरपकड झाली होती, त्याच रस्त्यांवर कॅमेरा लागला.

हे चित्रपट साधे दिसतात ते केवळ पैसा नव्हता म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ‘बायसिकल थीव्ज’चा दिग्दर्शक दे सिका याला हॉलिवूडमधून पैसा देऊ केला होता. अट एकच, नायक म्हणून हॉलिवूडचा तारा कॅरी ग्रँट हवा. दे सिकाने नकार दिला आणि लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराला घेतलं. संवाद तर बहुधा मागाहून डब केलेले असत. म्हणजे हे वास्तव आयतं हाती लागलेलं नाही, ते विचारपूर्वक घडवलेलं आहे. सायकल चोरीला जाते तेव्हा अंतोनिओ भिंतीवर हॉलिवूडची तारका रिटा हेवर्थचं पोस्टर चिकटवत असतो. परदेशी चित्रपटांचा लोंढा आणि इटलीतली बेकारी यांची गाठ दे सिका एकाही संवादाशिवाय घालून देतो.

दे सिकाचा पटकथाकार त्सावात्तिनी याचा ध्यास असा की, ज्याला आपण ‘काहीच घडत नाही’ म्हणतो, तिथे थांबून पाहायचं. दे सिकाच्याच ‘उम्बेर्तो डी.’मध्ये (१९५२) घरकाम करणारी पोरसवदा मुलगी सकाळी स्वयंपाकघरात येते. काडी ओढते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, बसल्या बसल्या कॉफी दळते, पाय लांब करून अंगठ्याने दार लोटते. ती गरोदर आहे, आणि दळता दळता तिचे डोळे भरून येतात. या काही मिनिटांवरून मी कितीतरी गाजलेली नाट्यमय दृश्यं ओवाळून टाकीन.

तिकीटबारीवर मात्र हा चित्रपट पडला. सरकारही नाराजच होतं. चित्रपटखातं सांभाळणारे आंद्रेओत्ती यांनी १९४९ मध्ये कायदा आणला होता. त्यात देशी निर्मितीला मदत होती, तसा संहितांवर वचकही. १९५२ मध्ये त्यांनी दे सिकाला उघड पत्र लिहिलं की, असं चित्रण देशाची कुसेवा करतं. घरची धुणी चव्हाट्यावर आणू नयेत, हा त्यामागचा सूर.

त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि ‘बायसिकल थीव्ज’ इथल्या पडद्यावर आला. बिमल रॉय यांच्या मनात तो घर करून बसला. पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनी कलकत्त्याच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढत धावताना दिसले.