झेंडा बघून केलेली मोजदाद

परवा रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळत होते. समोरच्याचा वजीर गेला, डाव हरल्यातच जमा होता. पण त्याने डावही सोडला नाही आणि चालही केली नाही. सात मिनिटं मला नुसतं ताटकळत ठेवलं. माझी नजर त्याच्या नावाशेजारच्या चिमुकल्या झेंड्यावर गेली आणि मनात आलं, ‘या देशाचे लोक असलेच!’ त्या देशाचे खेळाडू मला आजवर भेटले फार तर चार. असाच वेळ काढणारे भारतीय मात्र कितीतरी भेटलेत. त्यांना मी मनातल्या मनात ‘खडूस माणूस’ म्हणून पुढे गेले; त्यांच्यावरून देशाचा निकाल कधी लावला नाही.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली नेमकी हीच चूक प्रयोगात पकडली. त्यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येकात कुणाची तरी एक कृती. ‘अ’ गटाच्या १८ कृती चांगल्या, ८ वाईट. ‘ब’ गट निम्म्या आकाराचा: ९ चांगल्या, ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखं. तरीही वाचणाऱ्यांनी वाईट कृती ‘ब’च्या खात्यावर जास्त मांडल्या. हॅमिल्टन-गिफर्ड यांचं स्पष्टीकरण असं: लहान गट क्वचित दिसतो, वाईट वागणंही क्वचित दिसतं, दोन्ही एकदम समोर आलं की ते मनात ठसतं. चांगल्या कृती कमी ठेवून पाहिलं, तर ‘ब’ गट उगाच जास्त चांगला वाटू लागला! या गटांना ना देश होता, ना धर्म, ना जुनं वैर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मनात कसलाही आकस नसलेला माणूसही इथे फसतो.

स्वतःच्या देशाबद्दलही आपला अंदाज चुकतो. २००५ मध्ये ४९ संस्कृतींतल्या सुमारे चार हजार लोकांना ‘तुमच्या देशाचा माणूस कसा असतो’ असं विचारलं गेलं. प्रत्यक्ष मोजलेल्या स्वभावाशी त्यांची उत्तरं जुळली नाहीत.

मग माणूस ऑनलाइन बिघडतो कशाने? स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये काहींना आधी अवघड चाचणी देऊन वैतागवलं, मग आधीच शिवीगाळ झालेल्या चर्चेत लिहायला लावलं. त्यांच्या ६८ टक्के प्रतिक्रिया त्रासदायक निघाल्या. सोपी चाचणी आणि सभ्य चर्चा मिळालेल्यांच्या ३५ टक्के.

त्या डावाची तक्रार मी केलीच. वागणं वाईट होतंच. लिहिलं एवढंच: ‘वजीर गेल्यावर सात मिनिटं मुद्दाम चाल केली नाही.’ तपासणाऱ्याला घड्याळाची नोंद बघून हे लगेच पडताळता येतं.