गारोनचे पाणी नेमके कोणाचे?

आनेतो हे स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीज पर्वतरांगेतले सर्वांत उंच शिखर, ३४०४ मीटर. त्याच्या उतारावरचे हिम वितळून जे पाणी खाली येते, ते स्पेनच्या हद्दीतच एका प्रचंड विवरात कोसळते आणि गडप होते. फ्रेंच लोक या विवराला त्रू द्यू तोरो म्हणतात. वरचा डोंगर ग्रॅनाइटचा, त्यामुळे तिथे पाणी पृष्ठभागावरूनच वाहते. चुनखडीचा पट्टा लागला, की हजारो वर्षांत विरघळून झालेल्या पोकळ्यांतून ते जमिनीखाली उतरते.

पुढे ते जाते कुठे, हा वाद फार जुना. जमिनीचा उतार पाहिला तर ते एसेरा नदीत, तिथून एब्रोत आणि शेवटी भूमध्य समुद्रात जायला हवे. पण डोंगराच्या पलीकडे, आरानच्या खोऱ्यात, जुएऊचे झरे एखाद्या नदीइतक्या जोराने उसळतात आणि त्यांचे पाणी गारोन नदीला मिळून फ्रान्समार्गे अटलांटिकला जाते. दोन्हींचा संबंध असावा, असे फ्रेंच अभ्यासक रामों द कार्बोनियेर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सुचवले होते. पुढे शंभरएक वर्षांनी एमील बेलॉक यांनी विवरात रंग टाकून पाहिला. पलीकडे रंग दिसला नाही आणि संबंध नाही, असा समज पक्का झाला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली खरी अडचण इथेच होती. रंग न दिसणे म्हणजे वाट नसणे नव्हे. एवढ्या पाण्यात थोडा रंग सहज विरून जातो.

खरे तर चांगले साधन तोवर हाताशी आले होते. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन तयार केले. अतिशय विरळ असतानाही हा पदार्थ पाण्याला हिरवी झाक देतो. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूबच्या पात्रात जिथे पाणी मुरते तिथे १० किलो फ्लुओरेसीन सोडले, तेव्हा सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा झाला. ते पाणी डॅन्यूबऐवजी ऱ्हाइनकडे जात असल्याचे त्यातून सिद्ध झाले.

विसाव्या शतकात पिरेनीजमधल्या प्रश्नाला निकड आली. आनेतोचे पाणी एसेराच्या बाजूला वळवून वीज निर्माण करण्याचा बेत स्पेनमध्ये आखला जात होता. ते पाणी गारोनचे असेल, तर फटका फ्रान्समधल्या शेतीला आणि गिरण्यांना बसणार होता. गुहासंशोधक नॉर्बेर कास्तेरे यांनी जुलै १९३१ मध्ये विवरात तब्बल ६० किलो फ्लुओरेसीन ओतले. दुसऱ्याच दिवशी जुएऊचे झरे हिरवेगार झाले आणि तो रंग गारोनमध्ये उतरला. डोंगराच्या पोटातून सुमारे चार किलोमीटरची वाट काढून पाणी जलविभाजकाखालून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नद्यांचे पाणी वेगळे करणाऱ्या डोंगरधारेखालून, पलीकडे जात होते. पाणी वळवण्याचा बेत त्यानंतर सोडून देण्यात आला.