प्रतिक्रियाकालाच्या प्रयोगामागे काय काय आहे

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत प्रतिक्रियाकालाचा प्रयोग बहुतेक विद्यार्थी करतात. दिवा लागला की बटण दाबायचं, मधे गेलेला वेळ म्हणजे प्रतिक्रियाकाल नोंदवायचा, सरासरी काढायची आणि जर्नलवर सही घ्यायची. तासाभरात उरकणाऱ्या याच प्रयोगाभोवती जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठातली मानसशास्त्राची प्रयोगशाळा घडली. तिथे हा प्रयोग कसा करत, कोण करत आणि तो कुठे अडला हे माहीत असेल, तर जर्नलमधले आकडे वाचण्याची दृष्टीच बदलते.

माणसाला प्रतिसाद द्यायला किती वेळ लागतो, हा प्रश्न मुळात खगोलशास्त्रज्ञांचा. घड्याळाचे ठोके कानाने मोजत, दुर्बिणीत बसवलेल्या बारीक तारेवरून आकाशातला तारा कधी सरकतो हे डोळ्याने टिपायचं, अशी त्यांची पद्धत होती. १७९६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांनी किनब्रुक या साहाय्यकाला कामावरून काढलं, कारण त्याच्या नोंदी त्यांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने मागे पडत होत्या. पुढे क्योनिग्सबर्गच्या बेसेल यांनी निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा असा फरक अनुभवी निरीक्षकांतही सापडला. म्हणजे दोष एकट्या किनब्रुकचा नव्हता. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जायला किती वेळ लागतो हे मोजलं. वेग सेकंदाला साधारण ३० मीटर निघाला. तो इतका कमी असेल असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डोंडर्स यांनी १८६८ मध्ये त्यापुढची पायरी गाठली. त्यांनी तीन प्रकारची कामं दिली. पहिल्यात एकच उद्दीपक (दिवा किंवा आवाजासारखी खूण) आणि एकच प्रतिसाद. दुसऱ्यात अनेक उद्दीपक आणि प्रत्येकाला वेगळा प्रतिसाद. तिसऱ्यात उद्दीपक अनेक, पण प्रतिसाद त्यांपैकी एकालाच द्यायचा, बाकीच्या वेळी गप्प राहायचं. तिसऱ्याच्या वेळेतून पहिल्याचा वेळ वजा केला की उद्दीपक ओळखायला लागणारा वेळ मिळतो आणि दुसऱ्यातून तिसऱ्याचा वजा केला की प्रतिसाद निवडायला लागणारा, असं त्यांचं गणित. मनातली क्रिया साध्या वजाबाकीने मोजता येते, ही कल्पना विलक्षण धाडसी होती.

तीच जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी उचलली. हायडेलबर्गला हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक राहिलेले वुंट १८७५ मध्ये लाइपझिगला आले. विद्यापीठाने त्यांना उपकरणं ठेवायला कॉन्विक्ट इमारतीत एक खोली दिली. १८७९ मध्ये त्या जागेत विद्यार्थ्यांचं संशोधन सुरू झालं, म्हणून ते वर्ष प्रयोगशाळेचं जन्मवर्ष मानतात. विद्यापीठाची अधिकृत मान्यता मात्र १८८३ ची. त्या वर्षी ब्रेस्लाऊ विद्यापीठाने वुंट यांना बोलावलं होतं आणि लाइपझिगला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं.

पहिला प्रबंध माक्स फ्रीडरिश यांचा. त्यात प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग केला ते, कोण होते? स्वतः फ्रीडरिश, त्यांचे प्राध्यापक वुंट आणि अमेरिकेहून आलेले स्टॅन्ली हॉल. आज प्रयोगकर्ता एका बाजूला आणि निनावी प्रयुक्तांचा गट दुसऱ्या बाजूला, ही मांडणी आपण गृहीतच धरतो. लाइपझिगला सकाळी उपकरण सांभाळणारा दुपारी प्रतिसादाच्या कळीवर बोट ठेवून बसू शकत असे. उलट सरावलेला निरीक्षक असणं हीच प्रयुक्ताची पात्रता होती आणि त्याचं नाव निष्कर्षाशेजारी येई. या व्यवस्थेत एक मोठा धोका होता, त्याकडे पुढे येऊ.

आधी उपकरण. हिप या घड्याळजीचा क्रोनोस्कोप हे अगदी छोटे कालावधी मोजणारं, वजनावर चालणारं घड्याळ. त्याची गती सेकंदाला १००० कंपनं करणारी धातूची पट्टी राखायची. दोन तबकड्या, प्रत्येकीवर १०० भाग. एकीचा काटा सेकंदाच्या दहाव्या भागात फेरी मारायचा, म्हणून एक भाग म्हणजे १ मिलिसेकंद. दुसरीचा १० सेकंदांत. उद्दीपक दिसताच विद्युतचुंबक काट्यांना फिरत्या चक्राशी जोडायचा. प्रयुक्ताने दाबून धरलेली कळ सोडली की काटे सुटून थांबायचे.

खरी अडचण त्या चुंबकात होती. काटे ओढून घ्यायला त्याला थोडा वेळ लागतो आणि सोडायलाही, पण हे दोन वेळ सारखे नसतात. बॅटरी उतरली, प्रवाह कमी झाला की त्यांतला फरकही बदलतो. लोखंडात चुंबकत्व शिल्लक राहतं, म्हणून प्रवाहाची दिशा अधूनमधून उलटावी लागे. हे तपासायला पतनयंत्र वापरत. ज्ञात उंचीवरून गोळा सोडायचा: २० सेंटिमीटर पडायला त्याला सुमारे २०२ मिलिसेकंद लागतात. क्रोनोस्कोपने तेवढाच आकडा दाखवेपर्यंत प्रवाह कमीजास्त करायचा. जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८३ ते १८८६ या काळात लाइपझिगला हे काम फार चिकाटीने केलं. माझ्या मते मानसशास्त्राला प्रयोगशाळेची शिस्त लावण्यात या कंटाळवाण्या तपासण्यांचा वाटा सिद्धांतांइतकाच मोठा आहे. पाठ्यपुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही, याचं वाईट वाटतं.

उपकरण ताब्यात आलं तरी माणूस आला नाही. १८८८ मध्ये लुडविग लांगे यांनी दाखवलं की लक्ष उद्दीपकावर ठेवलं, तर प्रतिक्रियाकाल लक्ष हातावर ठेवल्यापेक्षा साधारण १०० मिलिसेकंदांनी वाढतो. डोंडर्सच्या वजाबाकीतून निघणारे आकडेही याच पट्टीतले, म्हणजे नुसतं लक्ष हलल्यानेही तेवढाच फरक पडू शकतो! वुंट यांचेच साहाय्यक क्युल्पे यांनी १८९३ मध्ये या वजाबाकीच्या मुळावरच घाव घातला: काम बदललं की पूर्ण तयारीच बदलते, जुन्यात फक्त एक पायरी वाढत नाही.

मग अमेरिकेत वाद पेटला. प्रिन्स्टनचे बाल्डविन म्हणाले, लांगे यांना दिसलेला फरक सगळ्यांत आढळत नाही. काही जण उद्दीपकावर लक्ष ठेवूनच जास्त चपळ असतात. कॉर्नेलचे टिचनर, हेही लाइपझिगचे विद्यार्थी, म्हणाले की ज्यांच्यात फरक दिसत नाही ते निरीक्षक कच्चे. धोका म्हटलं तो हाच: अपेक्षित निष्कर्ष देतो तोच चांगला निरीक्षक, असं ठरवलं की प्रयोगातून नवं काही निघूच शकत नाही. १८९६ मध्ये शिकागोच्या एंजेल आणि मूर यांनी सरावाचा परिणाम तपासला, तेव्हा दोन्ही बाजूंत तथ्य निघालं. वजाबाकीची कल्पना पुढे १९६९ मध्ये स्टर्नबर्ग यांनी सुधारून पुन्हा उभी केली.

लाइपझिगचा धागा भारतापर्यंत येतो. वुंट यांचे विद्यार्थी ह्युगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले. त्यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सांभाळायला घेतला. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये विभाग सुरू झाला तोही प्रायोगिक मानसशास्त्राचा म्हणून.

आता हा प्रयोग संगणकावर होतो, पण दोष तेच आहेत. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, त्यामुळे उद्दीपक दिसायला तेवढा उशीर होऊ शकतो. साधा कीबोर्डही काही मिलिसेकंद खातो. 'तयार' म्हटल्यापासून उद्दीपकापर्यंतचं अंतर दर वेळी सारखं ठेवलं, तर प्रयुक्त अंदाजाने बटण दाबतो. ते १ ते ३ सेकंदांत बदलतं ठेवावं. १०० मिलिसेकंदांखालचे प्रतिसाद असे अंदाजाचे समजून बाजूला काढावेत आणि किती काढले ते लिहावं. सूचना तर शब्दशः लिहून ठेवावी. 'दिव्याकडे लक्ष द्या' आणि 'बोट तयार ठेवा' या दोन सूचनांनी वेगळे आकडे येऊ शकतात, आणि अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरी मिळाली असेल तर त्या सरासरीचा काहीच अर्थ लावता येत नाही.